गुणगुण आणि घरघर

यंत्र साफ मुके असले तर त्याची दुरुस्ती सोपी असते. कुठेतरी काहीतरी तुटलेले असते, ते सापडले की काम झाले. जे यंत्र बोलते, गाते, आणि त्या गाण्याखाली स्वतःचेही काही गुणगुणत राहते, ते अधिक छळते. गाण्यात नसलेले काहीतरी गाण्यात आले आहे. ते कुठून आले आणि कोणत्या टप्प्यावर आले हे ओळखायचे असते. हस्तलिखितांवर काम केलेल्या वाचकांना ही अडचण परकी वाटू नये. लेखनिकाची चूक, त्याच्या आधीच्या लेखनिकाची चूक आणि मूळ कवीनेच केलेला एखादा चमत्कारिक प्रयोग, हे तिन्ही पोथीत एकाच शाईत उतरलेले असतात.

आमच्याकडे एक कॅसेट आहे. १९८८च्या दिवाळीत, नेवासे तालुक्यातल्या आमच्या आजोळच्या नव्हे, वडिलांच्या गावी (हा फरक आत्याला फार महत्त्वाचा वाटे), आमच्या थोरल्या बंधूंनी ती भरली. पहाटे आत्या जात्यावर बसली होती. गावात पिठाची गिरणी येऊन तेव्हा बराच काळ लोटला होता; जाते निघे ते लग्नातली हळद, भरड आणि दिवाळीचे थोडे दळण यांपुरतेच. बंधूंनी नवीन टू-इन-वन आणला होता, तो त्यांनी उंबऱ्यावर ठेवला आणि बटण दाबले. पहाटे वीज नव्हती, तेव्हा यंत्र सहा मोठ्या सेलवर चालू होते. ही बारीकशी गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

आत्या आता नाही. त्या पाऊण तासातल्या ओव्या वहीत उतरवून काढाव्यात असे आमच्या मनात बरीच वर्षे होते. मुळशी-मावळापासून सुरू झालेले गी पॉयत्व्हाँ आणि हेमा राईरकर यांचे काम ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या गोष्टीचे मोल निराळे सांगायला नको. एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या त्या मंडळींनी गोळा केल्या. आमची उमेद एका कॅसेटपुरती. मात्र ती ऐकताना शब्द लागत नव्हते. साध्या टेपवर आवाज गढूळ येई. कोणीतरी भेट दिलेले ३०० ओहमचे चांगले हेडफोन घरात पडून होते, पण त्यांना हलवण्याइतका जोर कॅसेट-डेकच्या भोकात नव्हता. म्हणून आम्ही व्हॉल्ववर चालणाऱ्या हेडफोन-अ‍ॅम्प्लिफायरचा एक संच मागवला आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत सावेडीच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, तो जोडायला बसलो.

व्हॉल्वच का, असे विचारणारे बरेच भेटले. त्यांना समाधानकारक उत्तर आमच्यापाशी नाही. नखाएवढ्या चकतीत हेच काम आज होते, आणि मोजमापाच्या कसोटीवर बहुधा अधिक चांगले होते. १९०४ साली फ्लेमिंगने दोन टोकांची निर्वात नळी केली, १९०६ साली ली डी फॉरेस्टने तिच्यात तिसरी जाळी घातली, १९४७ साली ट्रान्झिस्टर आला. या चाळीस-एक वर्षांत जगाने जे ऐकले ते या काचेच्या नळ्यांतून ऐकले. आमच्या पिढीने तिचा अस्त पाहिला. रेडिओ लावल्यावर आवाज येईपर्यंत थांबावे लागे, तोवर मागच्या पुठ्ठ्याच्या भोकांतून तांबूस उजेड दिसे, आणि धूळ तापल्याचा एक वास येई. रेडिओचा परवाना असे आणि त्याचे पैसे पोस्टात भरावे लागत, हे विद्यार्थ्यांना सांगितले तर ते आमच्याकडे संशयाने पाहतात. खरे कारण इतकेच की व्हॉल्वचे यंत्र डोळ्यांनी वाचता येते. प्रत्येक भाग वेगळा, प्रत्येक तार वेगळी. कोणते पद कोणत्या पदाशी अन्वित आहे हे बोट ठेवून दाखवता येते.

रचना अगदी साधी होती. १२एयू७ नावाची एक छोटी दुहेरी नळी. तिचा एक अर्धा भाग डाव्या कानासाठी, दुसरा उजव्या कानासाठी. ती क्षीण आवाजाला मोठे करते. तिच्यापुढे ६०८० नावाची दुसरी, जाडजूड नळी. तीही दुहेरी. ती आवाज मोठा करत नाही, त्याला हेडफोन हलवण्याचे बळ देते. गंमत अशी की ६०८० ही मुळात संगीतासाठी जन्मलीच नाही. वीजपुरवठ्याचा दाब स्थिर राखण्याच्या कामासाठी ती वापरली जाई. पहारेकऱ्याने गवय्याच्या मागे तंबोऱ्याला बसावे तसे तिचे हे नंतरचे आयुष्य. नुसती तापायलाच तिला अडीच अँपिअर लागतात. दोन्ही नळ्यांना मिळून सुमारे १७५ व्होल्टचा दाब, आणि तो प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही वेळ साचून राहतो. जुने कारागीर उघड्या यंत्रात हात घालताना डावा हात पाठीमागे ठेवत. विजेला एका हातातून दुसऱ्या हातात, म्हणजे छातीतून, जाण्याची वाट मिळू नये म्हणून. आम्हीही ठेवला.

डाग देऊन झाले, दाब तपासून झाले, नळ्या तापल्या. अब्दुल करीम खाँसाहेबांची एक जुनी ध्वनिमुद्रिका लावली. आवाज आला, आणि त्याच्याखाली गुणगुणही.

आता या गुणगुणीविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण ती एकजिनसी नसते. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते. तीच थेट कुठून झिरपली तर ५० कंपनांचा खोल सूर उमटतो. ही वीज एकदिश करण्यासाठी तिची खालची अर्धुके वर दुमडली जातात, आणि त्यामुळे एका फेऱ्यात एकाऐवजी दोन उंचवटे होतात. ते नीट गाळले गेले नाहीत तर १०० कंपनांचा सूर ऐकू येतो. म्हणजे सूर ओळखता आला तर गळती कुठली ते निम्मे कळते. घरात पेटी होती. खर्जाच्या सप्तकात पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधोमध, पण पांढरी पाचला अधिक लगटून, आमची गुणगुण सापडली. पांढरी पाच तिथे ९८ कंपनांची, काळी चार साधारण १०४ची. म्हणजे हे १०० झाले. ५० असती तर ती आमच्या पेटीच्या तळाच्याही खाली गेली असती.

काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाच्या आवाजाशी ही गुणगुण काय करते ते ज्यांचे कान तयार आहेत त्यांनी एकदा अवश्य ऐकावे. काळी एकचा खर्जातला पंचम १०४च्या आसपास येतो, तीव्र मध्यम ९७-९८च्या आसपास. १००चा सूर या दोहोंच्या मधे लोंबकळतो. तंबोऱ्याचा पंचम लागलेला असताना त्याच्या पायाशी कुणीतरी दुसरा, उतरलेला पंचम धरून बसावे तशी ती अवस्था. आपल्या कानाला अखंड सुराची सवय आहे, किंबहुना तो नसला तर आपल्याला गाणे उघडेबोडके वाटते. म्हणूनच हा खोटा तंबोरा पाश्चात्त्य श्रोत्यापेक्षा आपल्याला जास्त खुपत असावा, असा आमचा कयास आहे.

आवाजाचे बटण शून्यावर आणले तरी गुणगुण तेवढीच राहिली. म्हणजे ती बटणाच्या पुढे कुठेतरी शिरत होती, कॅसेट-डेक किंवा ध्वनिमुद्रिका निर्दोष. ती दोन्ही कानांत सारखी होती, म्हणजे दोन्ही कानांना सामाईक अशा भागात, वीजपुरवठ्यात. मल्टिमीटर लावला. शेवटच्या गाळणीच्या कपॅसिटरवर काही हजारांश व्होल्टचा लहरता दाब असायला हवा होता, तिथे जवळजवळ एक व्होल्ट होता. हा कपॅसिटर म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या डबीत गुंडाळलेला, द्रावणाने ओला राखलेला कागद. आमच्या वाट्याला आलेला आमच्यापर्यंत पोचण्याआधीच सुकून गेला होता. तो बदलला. १००चा सूर गेला.

आणि मग कळले की त्याच्याखाली आणखी एक सूर होता.

पाठचिकित्सेचा हा नित्याचा अनुभव आहे. ढोबळ अपपाठ काढून टाकला की त्याने झाकलेला बारीक अपपाठ वर येतो, आणि संपादकाला क्षणभर वाटते की आपल्या हातूनच पोथी बिघडली. एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा, नेवाशाला ती सांगितली गेल्याला जवळजवळ तीनशे वर्षे होऊन गेली होती. त्या तीनशे वर्षांत किती हातांची गुणगुण तीत मिसळली होती, आणि त्यातली कोणती काढली, कोणती राहिली, हे आपल्याला नाथांच्या प्रतीवरून कळत नाही. शुद्ध झालेली प्रत आपण कशी शुद्ध झालो ते सांगत नाही. राजवाड्यांनी १९०९ साली, आपल्या मते नाथांच्या आधीची, जुन्या वळणाच्या भाषेतली ज्ञानेश्वरी छापली, तिच्यामागेही हीच हुरहुर होती. असो. नेवाशाचे नाव आले की आमचे विषयांतर होते. त्याला इलाज नाही.

दुसरी गुणगुण फक्त उजव्या कानात होती. हेडफोन उलटे घातले की ती डावीकडे जाई, म्हणजे दोष यंत्राच्या उजव्या बाजूचा. ती पेटीच्या तळाखाली होती: ५०. ६०८० नळीच्या उजव्या अर्ध्या भागावर संशय आला. या नळीत तापणारी तार आणि तिच्याभोवतीची इलेक्ट्रॉन सोडणारी नलिका यांच्यामध्ये एक पातळ पांढरा थर असतो, तेवढाच आडपडदा. तार साध्या ६.३ व्होल्टच्या उलटसुलट विजेवर तापते, नलिका मात्र आमच्या रचनेत तिच्याहून शंभरेक व्होल्ट वर होती. जुन्या नळीत तो थर जागोजाग विरतो आणि तारेतली वीज नलिकेत पाझरते. शहरात रणगाड्यांचे प्रशिक्षण केंद्र असल्यामुळे लष्करी भंगारातल्या काचेच्या नळ्या इथे अधूनमधून निघतात. ओळखीच्या एका भंगारवाल्याकडे पुठ्ठ्याच्या खोक्यात गुंडाळलेल्या दोन मिळाल्या. पहिली लावताच उजवा कान शांत झाला.

तरीही काहीतरी होते. आता दोन्ही कानांत, सूर खोल पण कडेने खरबरीत, एखाद्या माशीसारखा. आणि त्याला वेळापत्रक होते. सकाळी कमी, दुपारी जास्त. शेजारची बोअरची मोटर चालू झाली की एकदम वाढे. सर्वांत चमत्कारिक म्हणजे यंत्राच्या धातूच्या पेटीवर तळवा ठेवला की तो जवळजवळ नाहीसा होई. हात काढला की परत. हाताने शांत होणारे यंत्र पाहून घरातल्या मंडळींनी त्याला आजारी मुलाची उपमा दिली. आम्ही मात्र घाबरलो, कारण तळव्याला अगदी बारीक, रेशमी पदर ओढल्यासारखी झिणझिण लागत होती.

अण्णांना बोलावले. अण्णांचे वय ऐंशीच्या घरात. एके काळी त्यांचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. ‘कामगार सभा’ आणि ‘आपली आवड’ यांच्या वेळेआधी सेट परत मिळावा म्हणून लोक त्यांच्या ओट्यावर बसून राहत. पुढे टीव्ही आले, मग मोबाइल आले, आणि अण्णा घरांची वायरिंग करू लागले. त्यांनी आमचे यंत्र लांबूनच पाहिले. हेडफोन लावायलाही नकार दिला. पेटीला बोटाची मागची बाजू लावली (पुढची लावली तर स्नायू आखडून हात चिकटतो), आणि म्हणाले, “सर, हा आवाज डब्यातला नाय. भुईतला हाये.”

मग त्यांनी शंभर वॉटचा जुना दिवा काढला. त्याची एक तार फेजला लावली, दुसरी भिंतीतल्या अर्थिंगच्या भोकाला. अर्थिंग चांगले असेल तर दिवा नेहमीसारखा पेटायला हवा. आमचा दिवा केशरी, मलूल, निखाऱ्यासारखा लागला. हा प्रयोग वाचकांनी घरी करू नये. अण्णांनी तो करताना आम्हाला दहा फूट मागे उभे केले होते.

त्याचा अर्थ अण्णांनी सांगितला तो असा. घराच्या मागे, खड्ड्यात, कोळसा आणि मीठ घालून पुरलेली एक लोखंडी नळी असते. घरातल्या सगळ्या यंत्रांच्या धातूच्या अंगांना ती भुईशी बांधून ठेवते. पण भुई म्हणजे काही तांब्याची तार नव्हे. ती ओली असते तेव्हाच वीज नेते. सह्याद्रीच्या सावलीतला हा जिल्हा. सावेडीत चार फुटांखाली मुरूम लागतो, आणि मे महिन्यात तो हाडासारखा कोरडा असतो. मग फ्रिज, पंखे, संगणकाचा चार्जर यांच्यातून निसटलेली थोडी थोडी वीज भुईत न जाता त्या अर्थिंगच्या तारेवरच तुंबून राहते, आणि जो कोणी तिला जोडलेला आहे त्याला सगळ्यांचे ओझे वाहावे लागते. आमचे यंत्र असे अधांतरी लटकले होते. तळवा ठेवला की आम्हीच त्याची भुई होत होतो.

“दोन हंडे पाणी ओता,” अण्णा म्हणाले.

आठवड्यातून मोजके दिवस नळाला पाणी येते त्या वस्तीत, मे महिन्यात, दोन भरलेले हंडे घराबाहेर नेऊन नुसत्या जमिनीत ओतणे हे कृत्य लपून करता येत नाही. शेजारच्या काकू कठड्यावर येऊन उभ्या राहिल्या. काही लावलंय का तिथे, असे त्यांनी विचारले. आम्ही अर्थिंग म्हणालो. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांचे पाहणे पुष्कळ होते. तासाभराने दिवा पिवळा पेटला, आणि कानातली माशी दूर गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती परत आली. शेवटी अण्णांनी मोरीचे पाणी जिथे बाहेर पडते तिथे नवा खड्डा घेतला, आणि नवीन नळी आठ फूट खाली उतरवली. त्यांच्या मते शहाण्या माणसाने घराचे अर्थिंग नेहमी सांडपाण्याच्या वाटेवर करावे. घरातून रोज जे वाया जाते त्यावर ते जगते.

आता यंत्र शांत होते. रात्री, हेडफोन घालून, काही न लावता आम्ही ती शांतता ऐकत बसलो. अशा वेळी आम्हाला हटकून आमच्या शहरातला किल्ला आठवतो. १९४२ ते १९४५ या काळात तिथे कैदेत असताना मौलाना आझादांनी ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रे लिहिली. त्यांतले एक संगीतावर आहे, आणि तरुणपणी ताजमहालाच्या सान्निध्यात रात्री सतार वाजवल्याची आठवण त्यात येते. भुईकोटाच्या भिंतीआड बसून, हाताशी वाद्य नसताना, नुसत्या स्मरणातून इतके सविस्तर ऐकणारा तो कान होता. त्याला आमच्या टेबलावरच्या तारा-नळ्यांची काय मातब्बरी वाटली असती कोण जाणे.

मग कॅसेट लावली.

पूर्वी कधी न ऐकलेल्या गोष्टी ऐकू आल्या. आत्याने श्वास घेतलेला. गोठ्यातली घंटा. आणि एक विलक्षण प्रकार: काही ओव्या सुरू होण्यापूर्वी, दोनेक सेकंद आधी, तीच ओवी अगदी पुसट ऐकू येत होती. कॅसेटची फीत वर्षानुवर्षे गुंडाळून ठेवली की एका वेढ्याचा ठसा शेजारच्या वेढ्यावर उमटतो. फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते, तेव्हा एका वेढ्याचे अंतर दीड ते तीन सेकंद. आत्या गायला तोंड उघडण्याआधी तिची सावली गाऊन जात होती.

आणि या सगळ्याच्या खाली अजूनही एक जाड, खोल आवाज होताच.

आमच्या एका भाच्याने, तो पुण्यात संगणकाचे काम करतो, ही कॅसेट पूर्वी एकदा नेऊन स्वच्छ करून आणली होती. संगणकाला थोडा वेळ नुसती ‘खरखर’ ऐकवायची, आणि हिला सगळीकडून काढ असे सांगायचे. शिवाय खालचे सगळे सूर छाटून टाकायचे. ती प्रत नातेवाइकांत मोबाइलवरून पुष्कळ फिरली. तीत आत्याचा आवाज स्वच्छ आहे, पण अंतराळात बसून गाते आहे असा. आम्हाला ती कधीच आवडली नव्हती, मात्र का आवडत नाही हे सांगता येत नव्हते.

आता सांगता येत होते. कॅसेट सेलवर भरली होती. त्या पहाटे त्या घरात वीजच नव्हती. म्हणजे विजेची गुणगुण त्या फितीत असणे शक्य नव्हते, आणि आमच्या यंत्रातली आम्ही तीन ठिकाणी बांध घालून थांबवली होती. तेव्हा जे उरले होते ते यंत्राचेही नव्हते आणि फितीचेही नव्हते. ते त्या खोलीतले होते. नीट ऐकले तर ते एका सुरात नव्हतेच. त्याला फेरा होता, प्रत्येक फेऱ्यात एका जागी किंचित खडबड होती, बहुधा टाकी लावताना राहिलेल्या उंचवट्याची. ते जाते होते. भाच्याच्या यंत्राने घरघर ही खरखर समजून पुसली होती, आणि त्याला दोष देता येत नाही: अखंड, खालच्या पट्टीतला, शब्द झाकणारा आवाज अशी जर आपण दोषाची व्याख्या केली, तर जाते तीत चपखल बसते. जात्यावर बसले की ओवी सुचते असे आपण म्हणतो, आणि ओव्यांची पुस्तके छापताना जाते बाहेर ठेवतो. छापील पानाला दुसरे काही करताही येत नाही, हे मान्य. तरीही ओवीच्या छंदाविषयी आम्ही वर्गात जे शिकवतो, चरणांची अक्षरसंख्या आणि यमक, ते त्या फेऱ्याच्या लांबीविषयी अवाक्षर काढत नाही याचे आम्हाला त्या रात्री नवल वाटले.

बहुतेक शब्द लागले. एक लागला नाही.

आत्याची एक ओवी तिच्या मुलीवर आहे. ही मुलगी, आमच्या ताई, पाथर्डी तालुक्यात दिली. गावापासून लांब, माळावरची वस्ती. तिथे पाणी डोक्यावरून आणावे लागे. या ओवीत ‘रानी’ असा एक शब्द येतो. पूर्वी गुणगुणीमुळे आम्हाला तो ‘राणी’ की ‘रानी’ हे कळत नसे. आता तो लख्ख ऐकू आला: ‘रानी’, दंत्य न. पण त्याने काहीच उलगडले नाही, कारण आत्या ‘पाणी’लाही ‘पानी’च म्हणे. तिच्या तोंडी ण नव्हताच. म्हणजे लेक माझी राणी आहे असे ती म्हणते आहे, की लेक माझी रानी, रानात, आहे असे? जुन्या सप्तमीचा हा ‘ई’ ओव्यांत सर्रास येतो. ‘रानीवनी’ आपण आजही म्हणतो. एकीकडे कौतुक, दुसरीकडे हाय. यंत्राने अक्षर सोडवले आणि अर्थ जिथे होता तिथेच ठेवला.

ताईंचे वय आता सत्तरीच्या पुढे. गेल्या पावसाळ्यात डोळ्यांच्या तपासणीसाठी त्या नगरला आल्या (शहराचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, पण ताई नगरलाच येतात). त्यांना एका कानाने कमी ऐकू येते. आम्ही हेडफोन त्यांच्या डोक्यावर ठेवला, नळ्या तापू दिल्या, आणि कॅसेट लावली. नातेवाइकांतली ती स्वच्छ प्रत त्यांनी पूर्वी ऐकली होती, ही पहिल्यांदाच. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांचा उजवा हात मांडीवर बारीकसा फिरत होता. मग म्हणाल्या, “दोघी हायेत.”

आम्हाला कळले नाही.

“जात्यावं दोघी हायेत. एकटी आसती तर मूठ वैरताना फेरा आडकला आसता. हितं आडकत न्हाई. आई वैरतीया न् दुसरी वढतीया.”

दुसरी कोण, असे आम्ही विचारले. बंधू हयात नाहीत, आणि आम्ही त्या दिवाळीत गावी नव्हतो. ताई विचारात पडल्या. दिवाळीत माहेरी आल्या असतील तर त्याच, नाहीतर थोरली वहिनी. दुसरे कोण बसणार. पण त्या साली सासऱ्यांचे दुखणे होते का? की ते पुढच्या साली? त्या बोटांवर मुलांची वये मोजू लागल्या, आणि दोनदा चुकल्या.

आम्ही त्यांना त्या शब्दाविषयी विचारले नव्हते. विचारावे की नाही हे ठरत नव्हते. लेक समोर बसून खुंटा ओढत असेल तर आई तिच्या तोंडावर एक शब्द गाईल. लेक पाथर्डीच्या माळावर असेल आणि समोर सून असेल तर दुसरा. ओवीचा अर्थ दुसऱ्या हातावर अवलंबून होता, आणि तो हात त्या घरघरीखेरीज फितीवर कुठेही नव्हता.

“परत लाव रे,” ताई म्हणाल्या. आम्ही फीत मागे घेतली. या वेळी त्यांनी ऐकू न येणारा कान तळव्याने झाकून घेतला. बांगड्या ऐकायच्यात, म्हणाल्या. काचेच्या असतील तर वहिनी. त्यांच्या स्वतःच्या हातात त्या साली पाटल्या होत्या, त्या पुढे विहिरीच्या कामात मोडल्या. चार वेळा ऐकले. बांगड्या वाजतात, पण त्या आत्याच्याही असू शकतात.

वहीत आम्ही तो शब्द ‘रानी’ असाच ठेवला आहे आणि समासात ‘जाते दोघींचे’ एवढे लिहिले आहे. कॅसेटची दुसरी बाजू अजून उतरवून व्हायची आहे. अण्णांनी बजावल्याप्रमाणे मोरीजवळच्या खड्ड्याकडे अधूनमधून पाहतो. या पावसात तिथे अळू फार माजला आहे.